जुनी युद्धगीतं शोधायची तर कुठे? यूट्यूब, फिल्म संग्रहालय, जुना बाजार की संग्राहक

१९६२ किंवा १९६५च्या लढाईच्या दिवसांतलं एखादं समरगीत घरातल्या कुणाला तरी अर्धंमुर्धं आठवतं आणि ते पुरं ऐकायचं असतं. पुण्यात त्याच्या वाटा बऱ्याच आहेत, पण आधी एक ठरवा: गाणं सिनेमातलं होतं, नुसत्या रेकॉर्डवरचं होतं, की रेडिओ, शाळा, कलापथक यांतून कानावर आलेलं?

सिनेमातलं असेल तर वणवण नको. 'जिंकू किंवा मरू' घ्या: शब्द गदिमांचे, चाल वसंत देसाईंची, आवाज महेंद्र कपूर यांचा, सिनेमा १९६३चा 'छोटा जवान'. एवढं हाताशी असलं की यूट्यूबवर गाणं आणि 'आठवणीतली गाणी' या संकेतस्थळावर शब्द, दोन्ही चहा उकळेपर्यंत मिळतात. फक्त मूळ गाण्याशेजारी स्नेहसंमेलनातली आणि वाद्यवृंदातली गाणीही मांडून ठेवलेली असतात. कीबोर्ड ऐकू आला की पुढे सरका.

खरी अडचण कडव्यांची. दहा इंची ७८ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी, तबकडी एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं वाजते. म्हणून लांब गाण्याचं एखादं कडवं गाळायचे, नाहीतर गाणं दोन बाजूंत तोडायचे. पडद्यावर तेच गाणं जास्त लांब असू शकतं. तेव्हा आजोबा म्हणतात ते कडवं नेटवर नाही, म्हणून आजोबांना खोटं पाडू नका. लॉ कॉलेज रस्त्यावरचं राष्ट्रीय फिल्म संग्रहालय अशा वेळी कामाला येतं. १९६४ साली सुरू झालेल्या या संस्थेने चित्रपटांसोबत गाण्यांच्या छापील पुस्तिकाही जपल्या आहेत. पण सहज आत शिरलं आणि ऐकून आलं, अशी ही जागा नव्हे. सिनेमाचं नाव आणि साल घेऊन, आधी विचारून जावं. गैरफिल्मी गाण्यासाठी ही वाट मी सुचवणार नाही.

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी, मंगळवार पेठेत शाहीर अमर शेख चौकाजवळ भरतो. मजा इथेच सगळ्यात जास्त, पण ठरावीक गाणं मिळण्याची खात्री सगळ्यात कमी. लाखेची तबकडी उजेडात तिरकी धरून पाहा. खाचा करड्या पडल्या असतील तर लोखंडी पिनांनी ती खाल्लेली आहे. कडेला केसाएवढी चीर असली तरी प्रत्येक फेऱ्याला टक् ऐकू येणार. शिवाय पुष्कळशा नव्या प्लेअरना ३३ आणि ४५ एवढ्याच गती असतात. ७८ची गती असली तरी सुई वेगळी, जाड लागते. हा खर्च धरला तर एका गाण्यासाठी तबकडी घेणं परवडत नाही. १९७१ची गाणी शोधत असाल तर मात्र ४५च्या छोट्या ईपी, म्हणजे दोन-चार गाण्यांच्या तबकड्या, चाळा, त्या वाजवणं सोपं.

गैरफिल्मी गाण्यासाठी माझं मत सरळ संग्राहकांच्या बाजूने आहे. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'च्या 'द रेकॉर्ड न्यूज'चे जुने अंक नेटवर वाचायला मिळतात. सुरुवात तिथून करा. संग्राहक तबकडी घरी नेऊ देत नाहीत, आणि देऊही नये. जाताना पहिली ओळ, गायक किंवा लेबलवरचा क्रमांक, काहीतरी नेमकं न्या. 'देशभक्तीची जुनी गाणी आहेत का?' असं मोघम विचारलंत तर गाणं राहू द्या, पुण्यात चहासुद्धा मिळेलच असं नाही.

रेडिओ आणि कलापथकांची गाणी सगळ्यात अवघड, कारण त्यांतल्या कितीतरी गाण्यांची रेकॉर्ड निघालीच नाही. पुणे नगर वाचन मंदिर किंवा साहित्य परिषदेच्या ग्रंथालयात त्या काळची मासिकं चाळली तर शब्द सापडू शकतात. चालीसाठी ते गायलेलं माणूसच गाठावं लागतं.

सापडलेलं गाणं नेटवर टाकायचा विचार असेल तर एक हिशेब करा. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, म्हणजे १९६३ची रेकॉर्ड २०२४च्या जानेवारीत मोकळी झाली. शब्द आणि चालीचे हक्क मात्र कवी-संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं राहतात. गदिमा १९७७ साली गेले, त्यामुळे त्यांच्या शब्दांसाठी २०३७ संपेपर्यंत परवानगी लागेल.