घर स्वतःला हवंय: दावा लावावा की तडजोड करावी?

महालातल्या आमच्या घराच्या जिन्याला सतरा पायऱ्या आहेत. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाबा नवव्या पायरीवर बसायचे, दम खायचे आणि मग उरलेल्या आठ चढायचे. मे महिन्यात वरची स्लॅब रात्री बारा वाजताही तापलेली असते, हे नागपूरकराला सांगायला नको. तळमजल्यावर जुने किरायेदार. ती जागा आम्हाला हवीच होती. पण कोणता रस्ता धरायचा हे ठरवण्यातच आमचं वर्ष गेलं. तुमचं जाऊ नये म्हणून लिहितोय.

आधी करार काढून बघा. नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीचा वापर-परवाना करार, असेल आणि मुदत संपली असेल, तर तुमची गरज कोणी विचारत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. समोरच्याला लढायचं असेल तर समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत परवानगी मागावी लागते, आणि मुदतीनंतर राहिल्याबद्दल दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. असा करार असलेल्या घरमालकांनी पुढचं वाचायची गरज नाही.

असा करार नसलेल्या जुन्या किरायेदाराच्या बाबतीत मात्र एक तर दावा, नाही तर तडजोड.

आमच्याकडे वडीलधारी माणसं अजून ‘आधी रेंट कंट्रोलरची परवानगी काढा’ म्हणतात. ती १९४९ च्या सीपी अँड बेरार (जुना मध्य प्रांत आणि वऱ्हाड) भाडे आदेशातली गोष्ट, ३१ मार्च २००० ला नवा कायदा लागू झाला तेव्हाच संपली. आता कलम १६ खाली थेट स्मॉल कॉज कोर्टात (लघुवाद न्यायालयात) दावा लागतो. कोर्ट दोन गोष्टी बघतं. गरज खरी आहे का, ही पहिली. इथे घरमालकाची बाजू भक्कम असते: त्याने दुसरीकडे कसं भागवावं हे भाडेकरूने शिकवू नये, अशी सर्वोच्च न्यायालयाची भूमिका १९९८ पासून स्पष्ट आहे. दुसरी गोष्ट, ताबा दिला तर किरायेदाराला जास्त त्रास की नाही दिला तर तुम्हाला. केस इथेच अडते. उलटतपासणीत बाबांना विचारलं, ‘वर दोन खोल्या आहेत ना?’ बाबा म्हणाले, ‘आहेत. चढून दाखवू का?’ पण उत्तरापेक्षा कामी आले ते डॉक्टरचे कागद आणि जिन्याचे फोटो. कोर्ट अर्ध्या जागेचाही ताबा देऊ शकतं, हे लक्षात ठेवा. शिवाय जिंकल्यावर जिल्हा न्यायालयात अपील, पुढे हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ.

आणि जिंकून घर विकायचं किंवा जास्त किरायाने द्यायचं मनात असेल, तर हा रस्ता धरूच नका. ताबा मिळाल्यापासून महिन्याभरात राहायला गेला नाहीत, किंवा वर्षाच्या आत दुसऱ्याला दिलंत, तर जुना किरायेदार कोर्टाकडून जागा परत मागू शकतो.

तडजोडीत पैसा जातो, वेळ वाचतो. आम्ही शेवटी तडजोडच केली: थकबाकी सोडली आणि त्यांच्या नव्या घराचं डिपॉझिट भरलं. त्यांची मुलगी दहावीला होती, म्हणून परीक्षेपर्यंत थांबलो. किरायेदार काकूंनी, म्हणजे तिच्या आईने, तिच्या पेपरचं वेळापत्रकच वकिलांसमोर ठेवलं, तेव्हा आमच्या आईनेच तारीख पुढे ढकलली. तोवर दोन्ही घरं एकमेकांशी बोलत नव्हती.

पण नुसत्या स्टॅम्प पेपरवर विसंबू नका. तारीख उलटूनही ते हलले नाहीत, तर दावा पहिल्यापासून. त्यापेक्षा दाव्यात गरज नीट मांडा, पुरावे लावा, आणि तडजोड त्याच दाव्यात नोंदवून डिक्री (कोर्टाचा हुकूमनामा) घ्या. मग शब्द मोडला तर सरळ दरखास्त, म्हणजे डिक्रीच्या अंमलबजावणीचा अर्ज. माझ्या मते बहुतेक घरांसाठी हाच रस्ता बरा. नळ किंवा लाइट तोडायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. कलम २९ खाली तुम्हीच अडकाल, आणि खरी गरजही कोर्टाला खोटी वाटू लागेल.

तडजोडीमागे मी एकाच परिस्थितीत लागणार नाही: किरायेदाराचा नागपुरातच, बेसा किंवा मनीषनगरला, स्वतःचा फ्लॅट असेल आणि तो कुलूप लावून ठेवला असेल तर. त्या फ्लॅटचा इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) काढा, दाव्याला जोडा आणि लढा.