लालभडक नवं तेल दाखवून गळ्यात मारलेली ऑटोमॅटिक पिकअप

आधी आकडे. गाडीचे 11,40,000. गाडी तपासून देणाऱ्याचे 2,500. झटके थांबतील म्हणून गॅरेजवाल्याच्या सांगण्यावरून बदललेल्या गिअरबॉक्सच्या तेल-फिल्टरचे 18,600. आणि आता गिअरबॉक्स उघडून नव्यानं बांधायचं कोटेशन 2,72,000, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला पोचवणारा भाग) वेगळा. डबल कॅब पिकअप, डिझेल, सहा गिअरची ऑटोमॅटिक. विकणारा पानाच्या टपरीवर उभा राहणारा एजंट नव्हता. काचेचं ऑफिस, छापील बिल, बिलावर ‘टेस्टेड ओके’चा शिक्का.

मीटर मागे फिरवतात, ठोकलेली गाडी रंगवून विकतात, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तेवढं सगळं मी तपासलं होतं. सर्व्हिस रेकॉर्ड काढलं, विम्याचे क्लेम बघितले, काचांवर छापलेली उत्पादनाची वर्षं जुळवली, रंगाची जाडी मोजून घेतली. त्यामुळे ‘डोळे झाकून घेतलीस’ असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना आगाऊ नमस्कार. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं दुखणं बाहेरून दिसत नाही, आणि ते चार दिवस झाकून ठेवायला फारसा खर्चही येत नाही.

विकणाऱ्या माणसानं काय केलं ते ऐका. मी न मागता गिअरबॉक्सची डिपस्टिक काढली, पांढऱ्या कागदावर थेंब टाकला आणि म्हणाला, “बघा साहेब, रंग बघा.” लालभडक, नितळ, जळका वास नाही. आणि माझ्या दुसऱ्या हातात काय होतं? सर्व्हिस रेकॉर्ड. 1,18,000 किलोमीटर झालेली गाडी आणि गिअरबॉक्सचं तेल बदलल्याची एकही नोंद नाही! इतकं चाललेलं तेल काळपट व्हायला हवं. मग हे नवंकोरं कुठून आलं? कुणी बदललं, कधी, बिल कुठंय? जळलेलं तेल काढून टाकायचं, चेंबरमधला, म्हणजे गिअरबॉक्सखालच्या तेलाच्या तसराळ्यातला, क्लच प्लेटांचा भुगा पुसायचा, नवं तेल भरायचं, की गिऱ्हाईक खूश. दोन्ही कागद माझ्याच हातात होते, हे आठवलं की आजही झोप उडते. पण मला सांगा, समोरचा स्वच्छ तेल दाखवतोय आणि आपण म्हणायचं ‘हे स्वच्छ आहे म्हणून नको’? कोण म्हणतं असं?

बरं, गाडी मी पोचायच्या आधीच सुरू होती. “तुमच्यासाठी एसी लावून ठेवलाय.” केवढं अगत्य! गार गाडी चालू करून डी टाकल्यावर गिअर धरायला वेळ लागला आणि मग धक्का बसला, तर आत प्रेशर किंवा सील गेल्याचा संशय घ्यायचा असतो. इंजिन गरम असलं की हा उशीर लपतो. उलट क्लच घसरणं दिसतं गिअरबॉक्स पुरता तापल्यावर, चढाला, चांगला अर्धा-पाऊण तास चालवल्यावर. मला फेरी मिळाली चार किलोमीटरची, सपाट रस्त्यावर. गार लपेल एवढी गरम आणि गरम कळणार नाही एवढी गार, असा बरोबर हिशेब. तेव्हा गाडी बघायला न कळवता जा, आधी बॉनेटला हात लावा, गरम असेल तर उद्या येतो म्हणा. साठ-ऐंशीच्या वेगात ॲक्सिलरेटर हलका धरून बघा. गाडी थरथरली किंवा आरपीएमचा काटा उगाच वरखाली झाला, तर कन्व्हर्टरच्या लॉकअप क्लचचा (वेगात इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणाऱ्या क्लचचा) संशय घ्या.

मागचा टो हुक काढलेला होता. बोल्टची भोकं कोरी करकरीत, सॉकेटची वायर टेप गुंडाळून बंपरमागे कोंबलेली. ही गाडी ट्रेलर ओढत होती. ऑटोमॅटिक मरते ती मुख्यतः उष्णतेनं. साधारण 80 ते 95 अंशांत तेल सुखानं काम करतं. 120 च्या वर सतत राहिलं तर ते लवकर खराब होतं, तेलाचा दाब वाटून देणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीत चिकटा धरतो, सील कडक होतात, प्रेशर पडतं, प्लेटा घसरतात, आणि घसरल्या की आणखी तापतात. ओझं ओढणाऱ्या गाडीला वेगळा ऑइल कूलर हवाच. या गाडीला नव्हता. “लाइफटाइम तेल आहे, बदलायचं नसतं” असं कुणी सांगितलं, तर कुणाचं लाइफटाइम ते विचारा. ओझ्याच्या गाडीत साठ-सत्तर हजारांच्या आत बदललेलं बरं, आणि तेही कंपनीच्या पुस्तकातल्या स्पेसिफिकेशनचंच. चेंबरचं बूच काढून तेलाचा फक्त काही भाग निघतो, बाकीचं जुनं तेल मुख्यतः कन्व्हर्टरमध्येच राहतं. माझे 18,600 असेच गेले. प्लेटा जळल्यावर तेल बदलून काहीही होत नाही, आणि गॅरेजवाल्याला ते माहीत होतं.

तपासणीवाल्याच्या रिपोर्टात ‘एकही फॉल्ट कोड नाही’, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये बिघाडाची नोंद नाही. असणार कसा? पुसले होते. नंतर एका भल्या मेस्त्रीनं स्कॅनर लावून ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ काढून दाखवलं. चालू मीटरमधून ते वजा केलं, तर कोड पुसतानाचं मीटर आणि विक्रीच्या बिलावरचं मीटर यांत फरक 9 किलोमीटरचा. नऊ! बऱ्याच गाड्यांत स्वस्तातला स्कॅनरही हा आकडा दाखवतो. 2,500 घेणाऱ्यानं तो बघितला नाही. विचारलं तर म्हणाला, आमच्या चेकलिस्टमध्ये नाही.

हे सगळं घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. साहेबांनी नऊचा आकडा ऐकला, जांभई दिली आणि म्हणाले, हा दिवाणी मामला आहे. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम 318 आहे, म्हटलं. तर म्हणे, वकील आहात का? आरटीओत सांगितलं, आम्ही कागद बघतो, गिअरबॉक्स नाही. ग्राहक हेल्पलाइननं तक्रार डीलरकडे पाठवली, डीलरनं ‘गाडी जशी आहे तशी विकली’ असं एका ओळीत कळवलं, आणि माझ्या तक्रारीपुढे लागलं ‘निकाली’. कुणाचा निकाल लागला? माझाच. बिलाच्या मागे बारीक अक्षरात ‘जशी आहे तशी’ आणि पुढे ठळक ‘टेस्टेड ओके’. यातलं खरं कुठलं, हे सांगायला एकही खुर्ची तयार नाही. प्रत्येक जण पुढची खिडकी दाखवतो.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. 10 ते 20 लाखांच्या व्यवहाराला फी 400 रुपये, मुदत 2 वर्षं, ऑनलाइन दाखल होते. एवढं एक बरं आहे. पण वकील म्हणतात, गिअरबॉक्स उघडू नका, पुरावा जाईल. म्हणजे हप्ता चालू, विमा चालू, गाडी पार्किंगमध्ये बंद. उघडायचीच वेळ आली, तर डीलरला आधी लेखी कळवा, तेलाचा नमुना बाटलीत सील करा, चेंबरमधल्या भुग्याचे फोटो काढा. आणि गाडी ओढून नेताना मागची चाकं रस्त्यावर फिरू देऊ नका. बऱ्याच ऑटोमॅटिकमध्ये इंजिन बंद असताना पंप चालत नाही, आतल्या भागांना तेल मिळत नाही, आणि मग डीलर म्हणायला मोकळा की तुम्हीच मोडलीत.

आता त्याच्या वकिलाचं उत्तर आलंय: पिकअप हे मालवाहू वाहन, खरेदी व्यावसायिक कारणासाठी, सबब तक्रारदार ग्राहकच नाही. नोंदणी खासगी, विमा खासगी, मागच्या हौद्यात आजवर मालाचं एक खोकंही ठेवलेलं नाही. व्यावसायिक कारण सिद्ध खरं तर त्यानं करायचं, तरी माझी बाजू पक्की हवी. फास्टॅगचे उतारे काढायला बसलोय.