फी फी बेटांची डे-ट्रिप : बंद असलेला माया बे आम्हाला कसा विकला

ऑगस्टमध्ये कुणी माया बेवर उतरवून देतो म्हणाला, तर तो सरळ थापा मारतोय. एवढं एकच वाक्य जाण्याआधी कुणी आमच्या कानावर घातलं असतं, तर पुढचं सगळं लिहायची वेळ आली नसती.

थोडी पार्श्वभूमी. फी फी ही थायलंडच्या क्राबी प्रांतातली बेटं. त्यातलं मोठं फी फी डॉन, तिथे वस्ती आहे, हॉटेलं आहेत, बाजार आहे. धाकटं फी फी ले, तिथे कुणी राहत नाही, चहूबाजूंनी चुनखडीचे उभे कडे. माया बे हा जगप्रसिद्ध किनारा या धाकट्या बेटावर. एकेकाळी दिवसाला पाच-पाच हजार माणसं तिथे उतरायची आणि बोटींचे नांगर थेट प्रवाळावर पडायचे. शेवटी जून २०१८ मध्ये तो बंद केला. जानेवारी २०२२ मध्ये उघडला, पण अटी घालून. आता बोट समोरून आत शिरत नाही. मागच्या लो समा खाडीत तरंगत्या जेट्टीला लागते आणि तिथून चालत पलीकडच्या वाळूवर जायचं. पोहायला मनाई. मधल्या काळात काळ्या पंखटोकांचे छोटे शार्क खाडीत परत आलेत, त्यांना त्रास नको म्हणून. आणि दरवर्षी १ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर हा किनारा पर्यटकांना पूर्ण बंद असतो.

आम्ही फुकेटला गेलो ते पंधरा ऑगस्टच्या जोडसुट्टीत. मी, नवरा, मुलगी, मोठे दीर, जाऊबाई आणि कॉलेजात जाणारा पुतण्या.

फुकेटमधल्या पातोंगच्या रस्त्यांवर दर दहा पावलांवर सहली विकणारी टपरी आहे. टेबल, छत्री आणि प्लॅस्टिकमध्ये बंद केलेले मोठमोठे फोटो. आम्ही दोन-तीन ठिकाणी भाव विचारले. एकाने दोन हजार तीनशे बाथ (थायलंडचं चलन) सांगितले, एकाने दोन हजार. तिसरा माणूस तोडकंमोडकं हिंदी बोलणारा, गोड. ‘भाभीजी, सब इन्क्लुड’ हे त्याचं पालुपद. स्पीडबोट, फक्त पंधरा माणसं, माया बेवर एक तास, पिले लगूनमध्ये पोहणं, बांबू आयलंडवर स्नॉर्केलिंग (मास्क आणि नळी लावून पाण्याखालचं बघत पोहणं), जेवण, नॅशनल पार्कची फी, हॉटेलपासून ने-आण. मोठ्यांना अठराशे बाथ, मुलीला बाराशे. कार्डाने दिले तर वर तीन टक्के, रोख दिले तर काही नाही. दहा हजार दोनशे बाथ रोख मोजून दिले.

भाऊजी मुळातच संशयी. ते त्याला म्हणाले, ‘हे सगळं मला व्हॉट्सॲपवर लिहून पाठव.’ त्याने लगेच पाठवलं, हसतहसत. हा मेसेज पुढे कामी आला. पावतीवर मात्र एवढंच होतं: ‘पी. पी. वन डे, ६ पॅक्स, पिक-अप ७.००, नो रिफंड.’ (पी. पी. म्हणजे फी फी, पॅक्स म्हणजे माणसं.) बोट कुठल्या कंपनीची, परवाना क्रमांक काय, कुठल्या धक्क्यावरून निघणार, काही नाही. ते नसण्याचं कारणही साधं असतं. टपरीवाल्याकडे बोट नसतेच. तो फक्त दलाल. तो रात्री कुठल्यातरी बोटवाल्याला फोन करून सहा डोकी देतो, स्वतःचं कमिशन आधीच कापून घेतो, आणि बोटवाल्याला मिळतात त्या पैशांत जेवढं बसतं तेवढीच सहल तुमच्या वाट्याला येते. तुम्ही काय ऐकलं होतं याच्याशी बोटवाल्याचा काही संबंध नसतो. भांडायला जावं तर तो म्हणतो एजंटला विचारा, आणि एजंट जमिनीवर, तुम्ही समुद्रात.

सकाळी मिनीबस पाऊण तास उशिरा आली. धक्क्यावर ही गर्दी! प्रत्येकाच्या शर्टावर रंगीत स्टिकर लावत होते. आम्हाला पिवळे लावले आणि काऊंटरवरच्या बाईने हात पुढे केला: पार्क फी, मोठ्यांचे चारशे, मुलीचे दोनशे. परदेशी पर्यटकांसाठी पार्कचा दर हाच आहे, त्यात लबाडी नव्हती. पण ती फी आम्ही आधीच भरली होती ना? बाईने आमच्या छातीवरच्या स्टिकरकडे बोट दाखवलं. पिवळा म्हणजे फी न भरलेले. एजंटचा फोन वाजत राहिला. मागे रांग खोळंबलेली, बोट सुटायची घाई. बावीसशे बाथ दिले. तिकीट मागितलं तर ‘स्टिकर इज तिकीट’ म्हणाली. असं नसतं. पार्कची फी भरली की पार्कचं तिकीट मिळायला हवं, छापील किंवा फोनवरचं. ते देत नसतील तर पैसे पार्कपर्यंत पोहोचतात की नाही ते देवच जाणे.

शेजारच्या टेबलावर पायात घालायचे फिन्स भाड्याने होते, आणि ठेव म्हणून पासपोर्ट मागत होते. जाऊबाईंनी पर्स उघडलीही होती. मी म्हटलं, ‘ताई, थांबा.’ आपला पासपोर्ट कायद्याने भारत सरकारच्या मालकीचा असतो, तो असा कुणाकडे गहाण टाकायची वस्तू नाही. आणि एकदा तो त्या टेबलाच्या खणात गेला की परत देताना समोरचा मागेल ती रक्कम द्यावी लागते. फुकेटमध्ये जेट-स्कीवाल्यांच्या अशा कहाण्या जुन्या आहेत: परत आल्यावर कुठलातरी ओरखडा दाखवायचा आणि हजारो बाथ उकळायचे. आम्ही पाचशे बाथ रोख ठेव ठेवली. पासपोर्टची फोटोकॉपी चालेल का विचारलं तर नको म्हणाले. त्यातच सगळं आलं.

पंधरा माणसांच्या बोटीत चाळीसच्या आसपास माणसं होती. लाइफ जॅकेट सगळ्यांना मिळाली, पण मुलीला दिलेलं मोठ्यांचं होतं, खांद्यावरून निसटून कानापर्यंत वर यायचं. लहान मापाचं मागितल्यावर बाकाखालून काढून दिलं, म्हणजे होतं! मुलांचं जॅकेट बोट सुटायच्या आधीच अंगावर घालून, पट्टे ओढून बघा. दक्षिण-पश्चिम मान्सूनमध्ये हा समुद्र किती बिघडतो ते ५ जुलै २०१८ ला दिसलं होतं. फुकेटजवळ ‘फीनिक्स’ नावाची पर्यटकांची बोट वादळात उलटली आणि ४७ चिनी पर्यटक बुडाले. आमच्या दिवशी तसं वादळ नव्हतं, पण लाटा होत्याच. जाऊबाईंना पाठीचा त्रास, आणि आम्हाला जागा मिळाली बोटीच्या नाकाशी, जिथे प्रत्येक लाटेवर बोट आपटते. मागच्या बाकांवर धक्के खूप कमी बसतात. हे चढण्याआधी सांगून ठेवायचं असतं, चढल्यावर जागा बदलायला कुणी तयार होत नाही.

फी फी ले जवळ आलं तसा गाइड माइकवर म्हणाला, ‘टुडे बिग वेव्ह, माया क्लोज. सॉरी. फोटो स्टॉप.’ बोट खाडीच्या तोंडापासून लांब, दोरीने आखलेल्या हद्दीबाहेर, पाच मिनिटं डोलत उभी राहिली. कड्यांच्या फटीतून पांढऱ्या वाळूची एक रेघ दिसत होती आणि तिच्यावर एकही माणूस नव्हता. बोटीतले सगळे हळहळले, लाटांना नावं ठेवली. पुतण्याने फोनवर शोधलं, तेव्हा तारखा सापडल्या. त्याने गाइडला दाखवल्या. गाइड खांदे उडवून म्हणाला, ‘यस, एव्हरी यिअर.’ लाज वगैरे काही नाही. त्याच्या दृष्टीने खोटं त्याने विकलंच नव्हतं.

बाकीची ठिकाणंही अशीच पार पडली. वायकिंग केव्हमध्ये कुणालाच सोडत नाहीत. पाकोळ्यांची खाण्याची घरटी गोळा करणारे कामगार तिथे असतात, बाहेरूनच बघायचं. त्यात कुणाची फसवणूक नाही. पण माहितीपत्रकावर तेही एक ‘ठिकाण’ म्हणून मोजलेलं असतं. मंकी बीचसुद्धा बोटीतूनच. (तिथे उतरलात तरी माकडांना खायला देऊ नका. चावली की रेबीजची इंजेक्शनं घेत फिरावं लागतं.) ‘सात ठिकाणं’ ऐकून आपण भारावतो, पण पाय फक्त दोन-तीन जागी जमिनीला लागतात. म्हणून भाव करताना ठिकाणं मोजण्यात अर्थ नाही. कुठे उतरवणार आणि किती वेळ, हे विचारावं. पिले लगूनमध्ये मात्र खरंच पाण्यात सोडलं. हिरवंगार पाणी, वर कडे. तेवढी वीस मिनिटं सुरेख होती, खोटं कशाला सांगू.

बांबू आयलंड रद्द, त्याऐवजी परतीच्या वाटेवर खाई बेट. कारण पुन्हा लाटा, आणि या वेळी बहुधा खरं असावं. पण खाईवर सावलीत बसायचं तर खुर्ची-छत्रीचं भाडं वेगळं, आणि बोट दोन तास तिथेच. दुकानदारांशी कुणाचा काय हिशेब ते ज्याचं त्याने समजावं.

आता स्नॉर्केलिंग, ज्यासाठी मुळात हा सगळा खटाटोप होता. एका पेटीत मास्क ओले, एकमेकांत अडकलेले. माझ्या वाट्याला आलेल्या नळीचा तोंडात धरायचा रबरी तुकडा आधीच्या कुणीतरी चावून चघळलेला, एक बाजू तुटलेली. नवऱ्याच्या मास्कमध्ये पाणी शिरत होतं. त्याचं खापर मास्कवर फोडता येणार नाही, मिशी असली की रबर ओठावर घट्ट बसत नाही. तिथे थोडं व्हॅसलीन लावलं की बरंच थांबतं. पण पुतण्याच्या मास्कचा पट्टा मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याने बांधलेला होता आणि डाव्या काचेच्या कोपऱ्यात केसाएवढी भेग होती. पाण्यात वीस मिनिटं. त्यातही बोटीवर काम करणारी पोरं मासे जमावेत म्हणून पाव टाकत होती. नॅशनल पार्कमध्ये माशांना खायला घालणं बेकायदा आहे. पाव टाकल्यावर जमतात ते पट्ट्यापट्ट्यांचे सार्जंट मासे, आणि पर्यटक त्यावरच खूश. दंड झाला तर भरायचा कुणी, हे पोरांनी सांगितलं नाही. प्रवाळाला घातक रसायनं असलेलं सनस्क्रीनही थायलंडच्या नॅशनल पार्कांमध्ये २०२१ पासून बंद आहे, दंड एक लाख बाथपर्यंत. त्याबद्दलही बोटीवर कुणी चकार शब्द काढला नाही. ऑक्सिबेन्झोन किंवा ऑक्टिनोक्सेट लिहिलेली ट्यूब असेल तर हॉटेलातच ठेवा.

धक्क्यावर परतलो तर पुतण्याचा मास्क उजेडात धरून एकजण उभा. काच फुटली, बाराशे बाथ. पुतण्याला दिसेल त्याचा व्हिडिओ काढायची खोड. एरवी त्यावरून घरात बोलणी खातो. त्याने मास्क हातात घेतल्या-घेतल्या काढलेला व्हिडिओ लावला, त्यात दोरा आणि भेग दोन्ही स्पष्ट. तो माणूस व्हिडिओ पूर्ण होईपर्यंतही थांबला नाही, पुढच्या कुटुंबाकडे वळला. त्यांच्याकडे व्हिडिओ नव्हता, त्यांनी पैसे दिले.

संध्याकाळी टपरीवर गेलो. तिथे एक मुलगी बसलेली, कालच्या माणसाची आज सुट्टी. पावती दाखवली तर तिने ‘नो रिफंड’वर बोट ठेवलं. आवाज चढवून उपयोग नसतो, थायलंडमध्ये तर मुळीच नाही, लोक उलट गप्प होतात. भाऊजींनी तिच्यासमोरच ११५५ लावला. हा टुरिस्ट पोलिसांचा नंबर, इंग्रजीत बोलतात. त्यांनी टपरीचा फलक, पावती आणि व्हॉट्सॲप मेसेजचे फोटो मागवले, मग मुलीशी थाई भाषेत बोलले. अर्ध्या तासात ‘सुट्टीवर’ असलेला माणूस स्कूटरवरून हजर! पार्क फीचे बावीसशे त्याने मुकाट्याने परत केले, कारण मेसेजमध्ये ‘ऑल फी इन्क्लुडेड’ त्यानेच लिहिलेलं होतं. माया बेच्या नावावर मोठ्यांमागे तीनशे बाथ मिळाले, तेही पोलिसांनी दुसऱ्यांदा फोन केल्यावर. पंधराऐवजी चाळीस माणसं, बांबू आयलंड, यांचं काही मिळालं नाही. बोलण्यात सगळं होतं, मेसेजमध्ये माणसांचा आकडा लिहिलेला नव्हता.

तुमचं बुकिंग व्हायचं असेल तर पैसे देण्याआधी त्या माणसाला विचारा की बोट कुणाची, आणि त्या कंपनीला त्याच्यासमोर फोन लावा. परवाना क्रमांक टपरीच्या फलकावर किंवा पावतीवर असायला हवा, आणि बोटीवरच्या गाइडच्या गळ्यात ओळखपत्र. मेसेजमध्ये उतरण्याची ठिकाणं, प्रत्येकी वेळ, माणसांची संख्या, पार्क फी आणि हवामानामुळे रद्द झाल्यास काय, एवढं लिहून घ्या. तीन टक्के जास्त गेले तरी कार्डाने द्या, निदान बँकेकडे तक्रार करता येते. आणि तारखा स्वतः बघा. फी फीला समुद्र शांत मिळतो तो साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. सिमिलान बेटं तर मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच असतात, तरी पातोंगच्या टपऱ्यांवर त्यांचे फोटो ऑगस्टमध्येही लटकलेले होते. कुणी जुलैत सिमिलानचा भाव सांगू लागला, तर त्याच्याकडून बाकीचंही काही घेऊ नका.