जुने पत्रे उतरवले आणि मग त्याने भाव सांगितला

भांडुपला टेंभीपाड्यात आमची बैठी खोली आहे. सासऱ्यांनी बांधलेली, सागाच्या वाशांवर सिमेंटचे पत्रे. दर मे महिन्यात डांबर, एम-सील आणि वरून ताडपत्री असं आमचं ठरलेलं. २०२५ साली मात्र मिस्टर म्हणाले, आता पुरे, कलर पत्रेच टाकू, म्हणजे रंग-कोटिंग केलेले पोलादी पत्रे. ठरवेपर्यंत एप्रिलची वीस तारीख उलटली होती. ही चूक आमची, कुणा ठेकेदाराची नाही. मुंबईत पत्र्याचं काम करणाऱ्याला जानेवारीत फोन केला तर तो घरी येऊन चहा पितो. मे महिन्यात तोच फोन उचलत नाही.

तीन जणांनी माप घेतलं. चाळीचं आढं मधोमध, पुढे-मागे उतार, एकेका उताराला बारा फुटी चार, म्हणजे एकूण आठ पत्रे. एकाने ८२ हजार सांगितले, दुसऱ्याने ८६. तिसरा म्हणाला, "ताई, ६४ मध्ये पूर्ण छप्पर करून देतो, पॉइंट पन्नासचा पत्रा." पिशवीतून हातभर तुकडा काढला, उलटा करून पाठीमागचा कंपनीचा छाप दाखवला, त्यावर जाडीसुद्धा छापलेली, ०.५० म्हणजे अर्धा मिलिमीटर. सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी नखाने वाजवून बघितला आणि मान हलवली. तिथेच त्याचं काम झालं.

अक्षय तृतीया ३० एप्रिलला होती. "मावशी, मुहूर्तावर सामान उतरवतो." रविवारी, २७ तारखेला, ४० हजार दिले. पंचवीस रोख, पंधरा फोनवरून. फोनवर नाव वेगळंच दिसलं, विचारलं तर म्हणाला मेव्हण्याचं खातं. मी पाठवलेसुद्धा.

मुहूर्त गेला. मग बिगारी गावाला गेले, मग पत्रे कोटिंगला अडकले, मग त्याच्या मावसभावाकडे लग्न. मधल्या काळात वळवाच्या दोन सरी येऊन गेल्या, आम्ही बादल्या लावल्या. रोज फोन करायचा आणि रोज नवं कारण ऐकायचं. ८२ वाल्याला पुन्हा विचारलं, तर तो म्हणाला आता जूनपर्यंत हात रिकामा नाही. आणि आमचे चाळीस अडकलेले.

शुक्रवारी, २३ मेला, सकाळी आठ वाजता चार माणसं शिडी घेऊन हजर. मला इतका आनंद झाला की नवे पत्रे कुठे आहेत हे विचारायचं राहिलं. "टेम्पो निघालाय." त्यांनी जुने सिमेंटचे पत्रे हातोडीने फोडूनच काढले. त्या काळातल्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसांना वाईट. पाणी मारून, अख्खे उतरवायचे असतात, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी गल्लीभर पांढरी धूळ होती आणि शेजारची पोरं तिच्यात खेळत होती.

दुपारी वासे उतरवले. "पोखरलेत मावशी, यांच्यावर स्क्रू धरणार नाही." सासूबाई म्हणाल्या, "सागाला कधी वाळवी लागते का रे?" तो हसला. संध्याकाळी वासे आणि जुने हुक हातगाडीवरून गेले, भंगार म्हणून. भंगाराचे पैसे वळते करू, हे त्याचंच बोलणं. टेम्पो आला नव्हता.

ती रात्र आम्ही उघड्यावर काढली. कपाटावर ताडपत्री, गादीवर प्लास्टिक, पंखा काढून कोपऱ्यात ठेवलेला. शनिवारी बातम्यांत मान्सून केरळात दाखल. त्याच संध्याकाळी तो एकटा आला आणि म्हणाला लोखंडी पाइप लागतील, त्याचे २८ हजार वेगळे. "पूर्ण छप्पर" ठरलं होतं, अशी आठवण मिस्टरांनी करून दिली. त्याने चिठ्ठी दाखवली. तिच्यावर "पत्रे बदली" एवढंच लिहिलेलं, आणि खाली माझी सही. आवाजही चढवला नाही त्याने. आभाळाकडे बघितलं आणि म्हणाला, "ताई, तुमची मर्जी. मला दुसरीकडेपण काम आहे."

मी हे लिहायला बसले ते या क्षणासाठी. जुने पत्रे डोक्यावर होते तोवर तो आमच्या मागे होता. ते उतरले आणि आम्ही त्याच्या मागे लागलो. तारखा पुढे ढकलणंही निव्वळ आळस नसावा असं मला आता वाटतं. पाऊस जितका जवळ, तितका भाव त्याच्या हातात.

रविवारी २८ हजार दिले. त्या दिवशी मान्सून देवगडपर्यंत आला होता. दुपारी पाइप आले, संध्याकाळी पत्रे. हॅलोजन लावून रात्री साडेअकराला काम संपवलं. अंधारात पत्रा निळा आहे एवढंच दिसलं. उरलेल्या २४ पैकी १४ तेव्हाच द्यावे लागले. चाळीस, अठ्ठावीस, चौदा: ब्याऐंशी. ज्या आकड्याला आम्ही महाग म्हटलं होतं, तोच.

सोमवारी, २६ मेला, मुंबईत मान्सून आला. नेहमीची तारीख ११ जून. वरळीत भुयारी मेट्रोच्या नव्याकोऱ्या स्टेशनात पाणी शिरलं तो हाच दिवस. आमच्याकडे आढ्याच्या कोन्यातून, म्हणजे दोन उतारांच्या सांध्यावर बसवलेल्या पट्टीतून, धार आणि जवळजवळ प्रत्येक स्क्रूतून थेंब. शेजारचे काका शिडीवर चढून बघून आले. स्क्रूंना रबरी वॉशरच नव्हते, आणि कामगार चालले तिथे पत्रा दबून पाणी साचलं होतं. पाठीमागे छाप म्हणाल तर एकाही पत्र्यावर नाही.

त्याचा फोन बंद. बिलावरचा जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकला. महाराष्ट्राचा म्हणून २७ ने सुरू होणारा, पंधरा अक्षरी, सगळं बरोबर; फक्त नोंदणी रद्द झालेली. दोन मिनिटांचं काम, एप्रिलमध्ये केलं असतं तर. बिलावरच्या पत्त्यावर झेरॉक्सचं दुकान निघालं. चौकीत सांगितलं की काम तर झालंय, म्हणजे हा दिवाणी मामला. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरची बाई नीट बोलली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला ग्राहक आयोगात फी नाही, मुदत दोन वर्षांची, हे मला तिथून कळलं. पण नोटीस धाडायला पत्ता लागतो आणि माझ्याकडे एका मेव्हण्याचं खातं आहे. तक्रार मी तयार केली आहे, त्या खात्याच्या आधारावरच. रोख पंचवीस हजारांना कागद नाही.

पावसाळा ताडपत्रीखाली काढला. दिवाळीनंतर दुसरा कारागीर बघितला. त्याने एक पत्रा उतरवून गल्लीच्या तोंडाशी भंगारवाल्याच्या काट्यावर टाकला. साडेअकरा किलो. पोलादाचं गणित सोपं आहे: एक मिलिमीटर जाड, एक चौरस मीटर म्हणजे ७.८५ किलो. बारा फुटी पॉइंट पन्नासचा पत्रा, रंग-कोटिंगची जाडी वजा केली तरी सोळाच्या आसपास भरायला हवा. आमच्या डोक्यावर पॉइंट पस्तीस होता. तुकडा दाखवायचा एक आणि टाकायचा दुसरा.

या वेळी पत्रे आधी गल्लीत आले, त्याच काट्यावर आठही चढले, मग जुन्याला हात लागला. चिठ्ठीवर जाडी, स्क्रू, वॉशर, कोने, पाइप आणि भंगार कुणाचं, सगळं लिहून घेतलं. कारागीर जरा चिडला, पण त्याने लिहून दिलं. पाइप तेच ठेवले, तेवढे बरे होते. ४२ हजार लागले, त्यातले पाच पहिल्या पावसानंतर द्यायचे ठरले आहेत.

भिंतीतली जुनी भोकं बुजवताना त्याने विचारलं, "इथे सागवान होतं का? आता कुठे मिळतं तसं!" सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्या शुक्रवारी त्यांनी एक वासा मोरीमागे ओढून ठेवला होता, कुणालाही न सांगता. त्यावर आता आमचे कपडे वाळतात.