अधिकाराविना नेतृत्व : एका ऑनलाइन प्रशिक्षणवर्गाविषयी

हाताखाली कोणी नसताना इतर विभागांकडून काम करून घ्यावे लागणाऱ्यांसाठी हा वर्ग आहे. जॉन फ्रेंच आणि बर्ट्रम रेव्हन या सामाजिक मानसशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये मांडलेल्या सत्तेच्या पाच आधारांपैकी पद, बक्षीस आणि शिक्षा हाती नसले, तरी जाणकारी आणि आपल्याविषयीचा आदर यांवर काम कसे पुढे रेटता येते, हे येथे नेमकेपणाने शिकवले आहे. ज्यांचा विरोध संभवतो त्यांना बैठकीआधी एकेकटे भेटून त्यांच्या हरकती मसुद्यात घ्याव्यात आणि बैठक संपताच कोणते काम कोणी कधीपर्यंत करायचे याचे टिपण सर्वांना पाठवावे, हा सराव सर्वांत उपयुक्त वाटला. (टिपण लिहिणाऱ्याच्या हाती किती काही येते!) मात्र होकार देऊनही सहकाऱ्याने चालढकल केली, तर त्याच्या वरिष्ठांकडे केव्हा जावे, या खऱ्या अडचणीला प्रशिक्षकांनी बगल दिली आहे.