दोरावरून छाटणी करणाऱ्यांची वक्र करवत : ३३० मिलिमीटर पात्याचे परीक्षण

दोराने झाडावर चढून छाटणी करणाऱ्यांच्या साहित्यात बोलबाला चेनसॉचा, म्हणजे फिरत्या साखळीने कापणाऱ्या यांत्रिक करवतीचा असतो. परंतु फांद्या विरळ करणे, वाळलेले लाकूड काढणे, छपरावर झुकलेला घेर आवरता घेणे अशा रोजच्या कामांत दिवसभर हाताशी असते ती मांडीला बांधलेली हातकरवत. प्रस्तुत परीक्षण अशाच एका करवतीचे आहे : ३३० मिलिमीटर लांबीचे जपानी बनावटीचे वक्र पाते, रबरी मूठ आणि पायाला दोन पट्ट्यांनी बांधायचे प्लॅस्टिकचे म्यान. छाटणीच्या पूर्ण हंगामात ओल्या आणि वाळलेल्या अशा दोन्ही लाकडांवर ती वापरल्यानंतर पात्याबद्दल माझे मत फार चांगले झाले आहे, म्यानाबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही.

ही करवत ओढताना कापते, ढकलताना नाही. ओढले जाणारे पाते ताणामुळे सरळ राहते, त्यामुळे ते पातळ ठेवता येते आणि पातळ पात्याला भुसाही कमी पाडावा लागतो; साहजिकच एका हाताने फांदीला धरून दुसऱ्या हाताने काम करणाऱ्याची दमछाक कमी होते. तिचे दाते आलटूनपालटून बाहेर वळवलेले नाहीत. त्याऐवजी पाते दात्यांकडून पाठीकडे निमुळते घासलेले आहे, म्हणून ते कापात अडकत नाही आणि कापलेला भाग रंधा मारल्यासारखा गुळगुळीत निघतो. पात्याच्या बाकाचा उपयोग हात डोक्याच्या वर किंवा कमरेच्या खाली गेलेला असताना कळतो, कारण तेथे अंगाचा जोर लावता येत नसला तरी दाते स्वतःहून लाकडात रुततात. छातीसमोर, सावकाश आणि नेमका काप घ्यायचा असेल तर सरळ पाते अधिक आज्ञेत राहते, हे मान्य करावे लागेल. दाते मोठे असल्याने ओले लाकूड झरझर कापले जाते. कडक वाळलेल्या फांदीवर मात्र सुरुवातीचे दोन-तीन हात उडतात आणि तेथे बारीक दात्यांचे पाते बरे वाटते.

काप गुळगुळीत असणे ही हौसेची गोष्ट नाही. अमेरिकन वनस्पतिरोगतज्ज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी १९७७ साली मांडलेल्या विवेचनानुसार झाड आपली जखम भरून काढत नाही, तर कुजलेल्या भागाभोवती आतून भिंती उभारून तो वेगळा पाडते; आणि फांदीच्या बुडाशी जो फुगवटा असतो, ज्याला या व्यवसायात कॉलर म्हणतात, तो या संरक्षणाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा असतो. पूर्वी फांदी खोडालगत सपाट कापून वर रंग फासण्याची पद्धत होती, त्यात हा फुगवटाच कापला जाई. आता शेवटचा काप कॉलरच्या अगदी बाहेरून घेतला जातो. खोडापासून हातभर अंतरावर आधी खालून खाच, मग तिच्या थोडे पुढे वरून काप, म्हणजे फांदी वजनाने तुटून खाली जाताना साल सोलून नेत नाही. आणि उरलेला खुंट काढण्याचा तिसरा काप या करवतीने असा घेता येतो की फुगवट्याच्या कडेला धक्काही लागत नाही. बेचक्यात, जेथे चेनसॉचा बार (साखळी जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी) शिरतच नाही किंवा शिरला तरी शेजारच्या फांदीची साल खरवडतो, तेथे हे अरुंद टोक सहज जाते. मनगटाएवढ्या जाडीच्या फांदीसाठी चेनसॉ वर ओढून घेणे, दुसरा दोर बांधणे आणि यंत्र सुरू करणे यांत जो वेळ जातो, तेवढ्यात ही करवत काम उरकून म्यानात गेलेली असते.

हाच चपळपणा धोक्याचाही आहे. ताणलेला दोर या दात्यांखाली आला तर एका ओढीत तुटू शकतो, कारण अंगाच्या वजनाने ताठ झालेल्या दोराचे धागे कापायला फारसा जोर लागत नाही. चेनसॉ वापरताना दुसरा आधार घ्यायचा हा नियम बहुतेकांच्या अंगवळणी पडलेला असतो. हातकरवत काढताना तोच माणूस एका दोरावर निश्चिंत लटकलेला दिसतो. चढण्याच्या दोराशिवाय कमरेचा लॅनयार्डही (आधाराचा आखूड दोर) खोडाभोवती घातल्याखेरीज ही करवत उपसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चेनसॉसाठीच्या विजारीतील लांब धागे साखळीत गुंतून ती थांबवण्यासाठी असतात, हातकरवतीसाठी नव्हे. शिवाय दुखापत बहुधा पायाला होतच नाही, ती फांदी धरलेल्या हाताला होते. तेव्हा निदान त्या हातात तरी काप न लागणारा मोजा हवाच.

आता म्यान. ते मांडीला किंवा पोटरीला बांधता येते, आत जाताना दाते घासू नयेत म्हणून तोंडाशी लहान रूळ आहेत आणि तळाचे भोक भुसा व पाणी बाहेर टाकते. येथपर्यंत रचना विचारपूर्वक केलेली आहे. परंतु पाते अडकवून ठेवणारी पकड हंगाम संपता संपता सैल झाली, आणि उलटे लटकून फांदीच्या टोकाकडे सरकताना करवत बोटभर बाहेर आलेली आढळू लागली. खाली दोर सांभाळणारे सहकारी उभे असतात हे लक्षात घेता ही उणीव किरकोळ म्हणता येणार नाही. विक्रेत्याने पकडीचा सुटा भाग मिळत नाही, पूर्ण म्यान घ्यावे लागेल, असे कळवले. पट्ट्याही पावसात भिजल्यावर सैलावतात आणि चढताना म्यान गुडघ्याच्या आतल्या बाजूस फिरते. पोटरीला बांधल्यास हा त्रास कमी होतो, पण मग वाकून हात पोहोचवावा लागतो.

देखभाल थोडीच आहे, पण ती टाळून चालत नाही. चिकाचा थर साचला की हेच पाते अडू लागते, म्हणून काम संपल्यावर ते स्पिरिटने पुसून कोरडे करावे. रोगट झाडावरून निरोगी झाडाकडे जाताना तर ते निर्जंतुक केलेच पाहिजे. दात्यांची टोके क्षणभर तापवून कठीण केलेली असल्याने धार पुष्कळ टिकते, मात्र कानस त्यांवर चालत नाही. धार गेली की पाते बदलायचे. ढकलताना जोर लावला तर पाते वाकते किंवा मोडते, त्यामुळे नवशिक्याच्या हाती देण्यापूर्वी त्याला परतीचा हात हलका ठेवायला शिकवावे.

रोज झाडावर चढणाऱ्याने ही करवत जरूर घ्यावी, आणि घेतानाच जादा पाते व दुसरे म्यानही मागवावे. जे मुख्यतः जमिनीवरून झुडपे आणि कोवळ्या फांद्या छाटतात, त्यांना मिटणारी लहान करवत पुरेशी आहे.