नोक्टन ३५ मिमी एफ/१.२ ची तिसरी आवृत्ती, आणि चौथीकडून माझ्या अपेक्षा

फास्ट (भरपूर उजेड आत घेणाऱ्या) आणि हाताने फोकस करायच्या मॅन्युअल लेन्स वापरणाऱ्या लोकांचं एक ठरलेलं असतं, हातातली लेन्स कितीही लाडकी असली तरी पुढची आवृत्ती कधी येतेय, त्यात काय असेल, आत्ताची विकून टाकू का, हे डोक्यात चालूच असतं. मी सध्या व्हॉइग्टलँडरची नोक्टन ३५ मिमी एफ/१.२ वापरतोय, तिसरी आवृत्ती, एम माउंटवाली (लायकाच्या जोडणीची), रेंजफाइंडरवर (वेगळ्या छोट्या खिडकीतून बघून फोकस करायचा कॅमेरा) पण आणि अडॅप्टर लावून मिररलेसवर (ज्यात सेन्सरवरचं चित्रच स्क्रीनवर दिसतं) पण. लेन्स मला मनापासून आवडलीये हे आधीच सांगून टाकतो. पण पुढची आली तर तिच्यात काय बदलायला हवं आणि कशाला अजिबात हात लावू नये याबद्दल वापरून वापरून माझं मत पक्कं झालंय. अपर्चरचा, म्हणजे उजेड आत यायच्या भोकाचा, आकडा १.२ आहे तो बास झाला (आकडा जितका लहान तितकं भोक मोठं). आता लक्ष द्यायचं तर कॉन्टॅक्टवर (लेन्सची माहिती कॅमेऱ्याला पोचवणाऱ्या विजेच्या टोकांवर), फोकस रिंगवर आणि वजनावर द्या.

असं का म्हणतो ते या लेन्सचाच इतिहास बघितला की कळतं. पहिली ३५ एफ/१.२ आली २००३ मध्ये. ब्रँडचं नाव जुनं, १७५६ सालचं व्हिएन्नातलं, पण या लेन्स बनवते जपानची कोसिना, १९९९ पासून. पहिली आवृत्ती कमालीची होती पण हातात घेतली की वजनदार वाटायची, आणि फोकस जवळात जवळ ०.७ मीटरवर. दुसरी २०११ मध्ये आली, ती ०.५ मीटरपर्यंत जवळ जायला लागली पण वजन ४७० ग्रॅम. आणि तिसरी २०२० ची, आकडा तोच १.२, जवळचं अंतर तेच ०.५ मीटर, पण वजन ३३२ ग्रॅम! म्हणजे जवळजवळ दीडशे ग्रॅम उतरवले आणि लेन्स आखूडही केली. १७ वर्षांत तीन आवृत्त्या, आणि एकदाही आकड्याच्या मागे धावले नाहीत. नवीन आवृत्ती काढायची तर अशी काढावी.

रेंजफाइंडरवाल्यांना या आखूडपणाची किंमत जास्त कळेल. लांब लेन्स लावली की व्ह्यूफाइंडरच्या खालचा उजवा कोपरा झाकला जातो, हूड (ऊन अडवणारी कडा) लावलं की आणखी थोडा जातो, आणि मग त्या कोपऱ्यात काय चाललंय ते फोटो आल्यावरच कळतं. तिसऱ्या आवृत्तीत कोपरा अजूनही थोडा झाकतो पण काम अडत नाही.

आता फोटो कसे येतात. १.२ ला, साधारण दीड-दोन मीटरवर माणूस उभा करून काढला तर डोळा शार्प, आणि त्या शार्पनेसवर एक हलकीशी मऊ साय असते. चेहऱ्याला ती फार छान दिसते. मागचं सगळं वितळत जातं पण ५० किंवा ८५ मिमी लेन्ससारखं पूर्ण गायब होत नाही, माणूस कुठे उभा आहे ते कळतं, आणि माझ्यासाठी ३५ एफ/१.२ घेण्याचं मुख्य कारणच हे आहे. अजून जवळ गेलं, अर्ध्या मीटरवर, की ती साय वाढते, कॉन्ट्रास्ट उतरतो. कोपरे काळवंडतात, या फोकल लेंथला एवढ्या मोठ्या अपर्चरवर ते होणारच, मी तर एडिटिंगमध्ये ते काढतही नाही. दिव्यांचे गोळे मधे गोल आणि कडेला बदामासारखे चपटे. रात्रीच्या फोटोत कोपऱ्यातल्या बारीक दिव्यांना पंख फुटतात, तो कोमा, तो एफ/२ च्या पुढे चांगलाच कमी होतो. २.८ ते ५.६ मध्ये ही लेन्स एखाद्या सभ्य, सरळमार्गी ३५ सारखी वागते. एका लेन्समध्ये दोन स्वभाव मिळतात असं लोक म्हणतात ते खरंच आहे.

म्हणून नवीन आवृत्तीबद्दल माझी सगळ्यात मोठी भीती हीच की कोणीतरी चार्टवरचे आकडे सुधारायच्या नादात ही साय काढून टाकेल. वाइड ओपनला, म्हणजे अपर्चर पूर्ण उघडं ठेवून, कोपऱ्यापर्यंत कडक शार्प हवं असेल तर काचा वाढवाव्या लागतात, काचा वाढल्या की वजन वाढतं, आणि मग ज्या कारणासाठी लहान मॅन्युअल लेन्स घेतली ते कारणच उरत नाही. तशा लेन्स ज्यांना हव्यात त्यांच्यासाठी आहेत की! त्साइसची ओटस बघा, २०१३ ची ५५ मिमी एफ/१.४ एसएलआरसाठीची (आरशावाल्या कॅमेऱ्यासाठीची), साधारण एक किलोची, वाइड ओपनला जवळपास निर्दोष. २०२५ मध्ये त्यांनी मिररलेससाठी ओटस एमएल म्हणून ५० आणि ८५ काढल्या, तिथे मात्र ५० चं वजन बरंच खाली आणलं आणि मॅन्युअल फोकस ठेवलाच. तो वेगळा रस्ता आहे आणि चांगला आहे. पण नोक्टनने त्या रस्त्याला जाऊ नये.

आणि तो आकडा. ०.९५, १.० ऐकलं की तोंडाला पाणी सुटतं हे मान्य, पण जरा हिशोब करा. १.२ वरून ०.९५ वर गेल्यावर मिळतो साधारण दोन तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). एवढा तर आजच्या कॅमेऱ्यात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) दोन क्लिक वाढवून मिळतो आणि फोटोत फरकही दिसत नाही. उलट त्यासाठी लागणारी काच बघा. अपर्चरचा आकडा म्हणजे फोकल लेंथ भागिले उजेड आत यायच्या भोकाचा व्यास, तर ३५ एफ/१.२ ला २९ मिमी पुरतात, ५० एफ/१.२ ला ४२ च्या आसपास, ५० एफ/०.९५ ला जवळजवळ ५३. निकॉनची झेड माउंटवाली नॉक्ट, २०१९ ची, ५८ मिमी एफ/०.९५, तिला ६१ मिमी लागतात, आणि वजन दोन किलो. लेन्स म्हणून ती अफाट आहे यात वादच नाही, कोपऱ्यातला दिवासुद्धा टिंबासारखा येतो, पण रोज गळ्यात घालून फिरायचं म्हटलं तर नाकापेक्षा मोती जड. शिवाय सेन्सरवरच्या पिक्सेलना फार तिरका येणारा प्रकाश पूर्ण पकडता येत नाही, त्यामुळे कागदावर जेवढा उजेड वाढतो तेवढा हातात पडेलच असंही नाही.

लायकाचंच उदाहरण घ्या ना. नॉक्टिलक्स १९६६ मध्ये एफ/१.२ म्हणून सुरू झाली, सत्तरच्या दशकात एफ/१ झाली, २००८ मध्ये ०.९५, आणि मग २०२१ मध्ये त्यांनी तीच जुनी एफ/१.२ पुन्हा बनवून बाजारात आणली. लोकांना तिने काढलेली जुनी चित्रं, तो स्वभाव परत हवा होता म्हणून. ०.९५ असताना १.२ परत येते यातच सगळं आलं.

आता फोकसकडे येतो, कारण मॅन्युअल लेन्समध्ये तुम्ही दिवसभर हात लावता तो त्या रिंगला. ३५ एफ/१.२ ला अर्ध्या मीटरवर फुल फ्रेमला (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरला) शार्प दिसणारी खोली मिळते फक्त १.४ सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे पापणी शार्प तर नाकाचा शेंडा गेला. समोरचा माणूस बोलता बोलता जरा पुढे झुकला की फोकस गेलाच. अशा वेळी रिंग जर सुरुवातीला अडखळत असेल, जोर लावल्यावर एकदम सुटत असेल, तर काही खरं नाही. या लेन्सची रिंग मऊ आहे, दोन बोटांनी फिरते, मधेच ढिली पडत नाही, आणि थांबवली तिथे थांबते. यात बदल करूच नका. मी दुसऱ्या एका कंपनीची (नाव नको) ०.९५ वाली वापरली होती, तिची रिंग थंडीत इतकी घट्ट व्हायची की फिरवताना माउंटमधली लेन्सच हलायची, फोटो बरे यायचे पण हातात घ्यायची इच्छाच गेली शेवटी.

मिररलेसवर माझी पद्धत सांगतो. पिकिंगवर (शार्प कडा रंगवून दाखवणारी सोय) १.२ ला विश्वास ठेवू नका, ते रंगीत ठिपके ३-४ सेंटिमीटरच्या पट्ट्यात सगळीकडे चमकतात आणि नक्की कुठे आहे ते सांगत नाहीत. मॅग्निफाय करायचं, डोळ्यावर आणायचं, रिंग किंचित पुढे-मागे करून शार्प झालं की लगेच दाबायचं, पुन्हा फ्रेम बघत बसायचं नाही. आणि अपर्चर बंद करून फोटो काढायचा असेल तर फोकसही त्याच अपर्चरवर करा, कारण अशा लेन्समध्ये २-२.८ ला येताना फोकस थोडा मागे सरकतो, रेंजफाइंडरमध्ये हे दिसत नाही आणि घरी येऊन बघावं तर पापणीऐवजी कान शार्प. चौथ्या आवृत्तीत हा फोकस शिफ्ट अजून कमी झाला तर मात्र मी हात जोडून स्वागत करीन, कारण त्याने फोटोचा स्वभाव बिघडत नाही, फक्त मनस्ताप वाचतो.

आता सगळ्यात मोठी मागणी, कॉन्टॅक्ट. एम माउंटला ते नसतात, मान्य, जुनी रचना आहे. पण मिररलेसवर याचा त्रास रोजचा. बॉडीला लेन्स कुठली ते कळत नाही, म्हणून स्टॅबिलायझेशनला (हाताचं हलणं सावरायला सेन्सर हलवणारी सोय) फोकल लेंथ हाताने सांगावी लागते, आणि ५० काढून ३५ लावली आणि मेनूत ५० तसंच राहिलं तर सेन्सर गरजेपेक्षा जास्त हलतो आणि स्टॅबिलायझेशननेच फोटो हलतो. हे कळायला वेळ लागतो, आधी सगळे लेन्सलाच दोष देतात. फोटोत अपर्चरची नोंद नाही, रिंग फिरवली की आपोआप मॅग्निफाय होणं नाही. आणि अडॅप्टरमधून अजून एक गोष्ट, रेंजफाइंडरच्या लेन्स सेन्सरच्या अगदी जवळ असतात, तिरका प्रकाश टाकतात, आणि सोनीच्या सेन्सरपुढे जवळजवळ २ मिमी जाड काच आहे, डिजिटल रेंजफाइंडरमध्ये ती १ मिमीपेक्षाही कमी असते. त्यामुळे तीच लेन्स सोनीवर कोपऱ्यात जास्त पसरट वाटते. निकॉन झेडवर काच पातळ आहे तर बरं दिसतं.

सोनीच्या ई माउंटसाठी कोसिनाने हे ओळखलंय. २०२० मध्ये ३५, ४० आणि ५० अशा तिन्ही एफ/१.२ एसई नावाने आल्या, कॉन्टॅक्टसकट, सेन्सरच्या काचेचा विचार करून, आधीच्या ४० आणि ५० पेक्षा हलक्या. फक्त व्हिडिओवाल्यांसाठी अपर्चरची क्लिक बंद करायची जी सोय होती ती काढली. मी स्वतः फोटोच काढतो त्यामुळे मला फरक पडत नाही, पण व्हिडिओ करणाऱ्यांना हे लागलं असणार. कारण याच कंपनीची मायक्रो फोर थर्ड्स या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठीची २५ मिमी एफ/०.९५ आठवा, २०१० ची, तिची दुसरी आवृत्ती आली तेव्हा काचा त्याच ठेवून फक्त ही क्लिक बंद करायची सोयच तर वाढवली होती, आणि लोकांनी ती उचलली. ऑप्टिक्सला हात न लावता केलेली सुधारणा पण सुधारणाच असते.

उन्हात वापरणाऱ्यांसाठी एक, कारण याची कल्पना न देता लेन्स विकतात. कडक उन्हात आयएसओ १०० ला १.२ वापरायचं तर शटर हवं १/१६००० सेकंदाच्याही पुढे. मेकॅनिकल शटर १/८००० ला थांबतं, काही बॉडीत १/४००० लाच. मग एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लावा किंवा इलेक्ट्रॉनिक शटर. आणि फर्स्ट कर्टन (शटरचा पहिला पडदा) इलेक्ट्रॉनिक ठेवला असेल तर वेगवान शटरला दिव्यांचे गोळे कापल्यासारखे दिसतात, तो बंद करून पूर्ण मेकॅनिकलवर जा. नवीन आवृत्ती कितीही चांगली आली तरी हे तिच्यात सुटणार नाहीये, ते बॉडीचं काम आहे.

थांबायचं का घ्यायची? रेंजफाइंडर असेल तर तिसरी आत्ता घ्या, तिथे पुढच्या आवृत्तीत फार काही मोठं वाढेल असं मला वाटत नाही. दुसरी आवृत्ती आहे त्यांनी फक्त वजनाचा जाच होत असेल तरच बदला, फोटोंसाठी बदलू नका, दुसरीचे फोटोही देखणे आहेत आणि काहींना तर तेच जास्त आवडतात. फक्त ई माउंट वापरणार असाल तर अडॅप्टरच्या फंदात न पडता एसई घ्या. बाकीच्या मिररलेस माउंटवर ज्यांना ३५ एफ/१.२ कॉन्टॅक्टसकट आणि फुल फ्रेमला हवीये, थांबण्यात अर्थ असेल तर त्यांनाच.

आणि नवी असो की वापरलेली, एवढ्या फास्ट लेन्समध्ये घेताना कॉपी तपासूनच घ्या. ट्रायपॉडवर लावून १.२ ला लांबचे दिवे किंवा तारे इन्फिनिटीला फोकस करून काढा आणि चारी कोपरे शंभर टक्के मोठे करून बघा. चारही सारखेच मऊ असतील तर लेन्स ठीक आहे. एकच कोपरा बाकीच्यांपेक्षा फिसकटलेला दिसला तर काच सरकलेली आहे, कितीही स्वस्त देत असले तरी परत करा.